ओळखीचं हसू

टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत सासऱ्याच्या टकलावर पाण्याची बादली उपडी होते आणि मागून शंभरेक माणसं खो खो हसतात, ती शंभर माणसं यादीरावांच्या संगणकात राहायला होती. हशा भरणं हे त्यांचं काम. मालिका चित्रित होऊन, कापून-जोडून त्यांच्या खोलीत यायची, आणि काचेच्या दाराआड हेडफोन चढवून यादीराव कुठे किती हसायचं ते ठरवायचे. इथे खुदकन, इथे फिस्सकन, इथे नुसतंच गालातल्या गालात, आणि बादलीला मात्र खदाखदा. विनोद जेवढा पडेल तेवढा हशा जास्त, असा त्या धंद्यातला साधा हिशेब होता. गेली काही वर्षं यादीरावांना फार हशा भरावा लागत होता.

यादीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कचेरीत कोणीतरी ठेवलं आणि ते असं चिकटलं की खरं नाव घेऊन कोणी आलंच तर शिपाई त्याला परत पाठवायचा. गृहस्थांना याद्या करायचं व्यसन होतं. किराण्याची यादी बायको करायची आणि हे ती घरीच विसरून बाजारात जायचे. यांच्या याद्या वेगळ्या. 'नायकाच्या मित्राने खाऊन टाकलेले सिनेमे.' 'पहिल्यापेक्षा दुसरं कडवं सरस असलेली गाणी.' 'सोफा बदलला आणि रया गेली, अशा मालिका.' ही शेवटची त्यांची विशेष लाडकी. विनोदी मालिकेचा जीव सोफ्यात असतो असं त्यांचं मत होतं. मालिका चालली की निर्माता पहिल्यांदा नवा सोफा आणतो, नव्या सोफ्यावर नट मंडळी जपून बसतात, आणि जपून बसलेल्या माणसाला पाहून कोणाला हसू येत नाही. गाण्यांचंही तसंच. पूर्वी गायकाने घेतलेला श्वास ऐकू यायचा. हल्ली तो पुसून टाकतात, म्हणून हल्लीची गाणी ऐकताना आपल्यालाच धाप लागते, असं ते म्हणत. धाप तुम्हाला जिना चढतानाही लागते, असं बायको म्हणे.

दुसरं व्यसन संशयाचं. सिनेमा बघताना यादीराव गोष्ट बघतच नसत, मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघत. नायिका रडायला लागते तेव्हा सव्वातीन आणि डोळे पुसते तेव्हा अडीच, हे सापडलं की त्यांना जेवण गोड लागायचं. पेल्यातलं पाणी कमी-जास्त होतं, शर्टाचं बटण उघडतं आणि लागतं, गाडीची काच फुटते आणि परत जागेवर येते. जगात कुठेतरी पाणी मुरतंय याची त्यांना खात्री होती. घरात तेवढं मुरत नव्हतं, म्हणून ते सुखात होते.

ते सुख एका दुपारी संपलं. दुसऱ्या एका वाहिनीने नवी मालिका काढली होती, चार बहिणी आणि एकच न्हाणीघर अशी काहीतरी. सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत यायचं: 'प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर चित्रित.' धंद्यातला माणूस दुसऱ्याच्या मालिकेत विनोद शोधत नाही, हशा तपासतो. यादीराव कान टवकारून बसले होते. थोरलीच्या डोळ्यांत साबण गेला, लोक हसले. हसून झालं. आणि मग सगळ्यांच्या मागाहून, विनोद जिना चढून तिच्यापर्यंत आत्ता पोचला असावा तशी, एक बाई एकदम फुटली. मध्येच तिचा श्वास अडकला, मांजर शिंकल्यासारखा एक आवाज झाला, आणि शेवटी अगदी दमून, अगदी हळू, ती म्हणाली, "आई गं."

यादीरावांनी चहा खाली ठेवला. चेहरे विसरणारा हा माणूस हसणं कधी विसरत नसे. त्यांनी तो तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकला, मग डोळे मिटून ऐकला. शंकाच नको. ती त्यांची बायको होती.

आता खरं म्हणजे घरी जाऊन सरळ विचारायचं. पण सरळ विचारणाऱ्यातले यादीराव नव्हते. त्यांनी मनातल्या मनात यादी केली: 'बायकोबद्दल, संशयास्पद, चढत्या क्रमाने.' तळाशी नवीन चपला. त्याच्या वर, ती हल्ली गुणगुणते ते गाणं, जे यादीरावांच्या एकाही यादीत नाही. त्याच्या वर, परवा नळाला पाणी नव्हतं तेव्हा ती सहज म्हणाली होती, "बायांनो, रांगेत या!" आणि हे त्या चार बहिणींच्या मालिकेतलं घोळवून घोळवून म्हटलं जाणारं वाक्य होतं. मालिका घरात कधी लावली जात नव्हती. आणि सगळ्यात वर, शनिवार. दर शनिवारी दुपारी ती आपल्या थोरल्या बहिणीकडे जायची आणि दिवेलागणीला परतायची. त्या मालिकेचं चित्रीकरण, यादीरावांनी गुपचूप चौकशी केली तेव्हा कळलं, शनिवारी दुपारीच असायचं.

ती न सांगता कुठे जात असेल याचं वाईट वाटलंच, पण त्याहून वाईट वाटलं ते तिथे ती अशी हसते याचं. घरी टीव्हीसमोर ती भाजी निवडत बसायची. यादीराव आपल्या उत्तम विनोदी प्रसंगांच्या यादीतला पहिल्या नंबरचा प्रसंग लावायचे, स्वतः आधीच हसायला लागायचे आणि तिच्याकडे बघायचे. ती म्हणायची, "बरं आहे." मग काय बरं आहे आणि किती बरं आहे यावर ते तिला प्रश्न विचारत. इतकी वर्षं त्यांची समजूत होती की बायकोला विनोदाचं अंगच नाही. आता कळलं की अंग आहे, फक्त ते ती दुसरीकडे नेते. आणि अशी हसणारी बाई एकटी बसलेली नसते, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. शेजारी कोणीतरी लागतं, ज्याच्या खांद्यावर थाप मारून हसायचं. तो खांदा कोणाचा, या एका प्रश्नाने यादीरावांची झोप उडाली.

पुढच्या शनिवारी ती निघाल्यावर त्यांनी मेहुणीला फोन केला. किल्ली सापडत नाही असा बहाणा केला आणि बायकोला फोन द्यायला सांगितलं. मेहुणी म्हणाली की ती अंघोळीला गेली आहे. दुपारची कसली अंघोळ, हे यादीरावांनी विचारलं नाही. मूग गिळून फोन ठेवला आणि यादीत एक भर घातली.

मग त्यांनी सापळा लावला. रविवारी सकाळी ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. यादीरावांनी घरच्या मोठ्या स्पीकरवर तो तुकडा लावला, आणि स्वतः तिच्याकडे पाठ करून कपाटाच्या काचेत तिचा चेहरा बघत उभे राहिले. हशा झाला, मागाहून ती बाई फुटली, मांजर शिंकलं, आई गं झालं. बायकोचे हात थांबले. काचेतला चेहरा जरा वर झाला.

"कोण हो ही?" ती म्हणाली. "किती मोकळी हसते."

यादीराव वळले नाहीत. आवाजात कंप नाही, डोळ्यांची उघडझाप नाही, टॉवेलाची कडसुद्धा वाकडी झाली नाही. 'रडण्यापेक्षा न बोलण्यात भाव खाऊन गेलेल्या अभिनेत्री' अशी एक यादी त्यांच्याकडे होती. तिच्यातल्या साऱ्याजणींना एक एक पायरी खाली सरकावं लागणार होतं. आहे असंच काहीतरी, असं पुटपुटून त्यांनी स्पीकर बंद केला.

त्यानंतर ते हसू त्यांच्या मानगुटीवर बसलं. कचेरीत दुसऱ्यांच्या बादल्यांना हशा भरायचा आणि घरी आल्यावर हेडफोन घालून हे ऐकायचं. खांदेवाल्याचा आवाज कुठे पकडता येतो का, म्हणून ते कान लावून बसायचे. एकदा त्यांना एक पुरुषी खोकला सापडला. दोन दिवस ते त्या खोकल्यावर जळत राहिले, आणि मग लक्षात आलं की तो खोकला आपल्याच संगणकातल्या एका जुन्या हशातही आहे. आपलाच खोकला दुसऱ्या वाहिनीने चोरला, एवढंच त्यांना वाटलं आणि त्याचा राग आला. ते सूत धरून आणखी पुढे जावं हे काही त्यांना सुचलं नाही. संशयी माणसाला जे शोधायचं असतं त्याखेरीज सगळं दिसतं.

बायकोचंही काहीतरी बिनसलं होतं. ती न मागता चहा घेऊन यायची आणि ठेवून जायच्या ऐवजी मागे उभी राहायची. हेडफोन काढून ठेवला की त्याच्यावरची नसलेली धूळ पुसायची. एकदा तिने विचारलं, "आजही तीच का?" तीच म्हणजे कोण, असं यादीरावांनी विचारलं, तर काही नाही म्हणून आत गेली. जेवताना समोरासमोर बसून दोघं एकमेकांच्या ताटांकडे बघायची. मीठ मागायलासुद्धा कोणी तोंड उघडत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, असं त्यांना वाटायचं, आणि ते आणखी कान लावून ऐकायचे.

शेवटी एका शनिवारी, ती नवीन चपला घालून निघाल्यावर, यादीराव मागोमाग निघाले. तिच्या मागे नव्हे. ते सरळ त्या वाहिनीच्या स्टुडिओत गेले. ती येईल तेव्हा आपण आधीच मागच्या रांगेत असलो पाहिजे, असा बेत. दारावरच्या पहारेकऱ्याला त्यांनी सांगितलं की प्रेक्षक म्हणून आलोय. पहारेकऱ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, कसले प्रेक्षक?

धंद्यातलं ओळखपत्र दाखवून यादीराव आत गेले आणि त्यांना तोंडात मारल्यासारखं झालं. न्हाणीघराचा देखावा होता, चार बहिणी होत्या, दिवे होते. प्रेक्षकांच्या खुर्च्याही होत्या, पण त्या चादरींखाली झाकून एकावर एक रचलेल्या. सगळा मालिकेचा पसारा एका रिकाम्या दालनासमोर चालला होता. धाकटी पाय घसरून पडली आणि कोणीही हसलं नाही, स्पॉटबॉयनेही नाही.

"तू इथे काय करतोयस रे?" मागून आवाज आला.

ते रिळमामा होते. यादीरावांनी पहिली नोकरी ज्या स्टुडिओत केली तिथे मामा टेपांची खोली सांभाळायचे. तो स्टुडिओ कधीच बंद पडला होता. त्यातल्या टेपा भंगारात गेल्या असं सगळे धरून चालले होते. मामांनी त्या रिक्षात घालून घरी नेल्या होत्या. आता या वाहिनीने टेपांसकट मामांना ठेवून घेतलं होतं. मामा इथे हशा भरायचे. त्यांनी यादीरावांना आपल्या खोलीत नेलं, चहा मागवला, आणि यादीरावांनी आडवळणाने, दहा दुसऱ्या गोष्टी बोलून झाल्यावर, त्या मागाहून हसणाऱ्या बाईचा विषय काढला.

मामा म्हणाले, "अरे, ती तर आमची सूनबाई, तुझी बायको. तूच कापलेला तुकडा आहे तो."

मामांनी डबा काढून दाखवला. वर यादीरावांच्याच तरुणपणीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'एक बाई, उशिरा, उत्तम.' तेव्हा नवीन लग्न झालेलं. दर चित्रीकरणाला यादीराव तिला आणून बसवायचे, आणि बाकीच्या लोकांना एक माइक तर तिच्या डोक्यावर वेगळा धरायचे. सगळा स्टुडिओ त्यावरून त्यांना चिडवायचा. मामांना हे सगळं काल घडल्यासारखं आठवत होतं. यादीरावांनाही मग आठवलं. माइकची ती काठी धरून हात कसा भरून यायचा, तेसुद्धा आठवलं.

"पण ती कशाला हसली होती हो, मामा? टेपेवर आधीचं काही आहे?"

"आधीचं कोण ठेवतं? विनोद कापायचा आणि हसू ठेवायचं. नाहीतर पुढे वापरणार कसं?"

जीव भांड्यात पडला. यादीराव परतले ते जवळजवळ नाचतच. चोरी नाही, खांदा नाही, मेहुणी खरं बोलत होती. बहिणीकडे टीव्ही चालू असणार, त्यातलंच ते वाक्य आणि तेच ते गाणं. आणि दुपारी अंघोळ करायला काही कोणाची बंदी नव्हती. बिचारी. वाटेत त्यांनी फुलांचं दुकान पाहिलं, आत जाऊन फुलं घेतली आणि घरी काय सांगायचं ते न सुचल्याने जिन्यात शेजाऱ्यांच्या कुंडीत खोचून टाकली.

बायको त्यांच्या आधीच घरी आली होती. बाहेरच्या खोलीत बसली होती, हेडफोन मांडीवर घेऊन. पायांत चपला तशाच होत्या.

"आज ताईला सगळं सांगितलं," ती म्हणाली. "ती म्हणाली, रडत बसू नकोस, तोंडावर विचार. म्हणून विचारते. कोण आहे ती?"

यादीरावांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांना हसू फुटलं, जे त्या घडीला फुटायला नको होतं.

"हसता काय? महिना झाला, घरी आलं की ती बाई कानात घालून बसता. मी मागे येऊन उभी राहते तर पत्ता नसतो. मला ऐकवलीतसुद्धा, माझ्याच घरात, माझ्याकडे पाठ करून."

"अगं, ती तूच आहेस."

"मी वेडी दिसते का तुम्हाला?"

त्यांनी मामांचं सगळं सांगितलं. डबा, टेप, डोक्यावरचा माइक. थाप मारायचीच तर जरा बरी मारायची, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. मग यादीरावांनी तो तुकडा स्पीकरवर लावला. तिने मान तिरकी करून ऐकला. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा 'आई गं' आलं तेव्हा ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ताई अजून अशीच म्हणते."

आणि मग तिला पटलं. यादीरावांना वाटलं, आता सुटलो. पण पटल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे यायला हवं होतं ते आलं नाही. एखाद्या दूरच्या नातेवाईक मुलीचा फोटो हातात द्यावा, तशी ती त्या स्पीकरकडे बघत होती. यादीरावांनी गंमत करायची म्हणून म्हटलं की बघ, एवढं छान हसायचीस, आता हसून दाखव की. तिने प्रयत्न केला. तोंड उघडलं, आणि एक छोटासा आवाज आला, कचेरीत आला असता तर यादीरावांनी तो तुकडा फेकून दिला असता. आपल्याला या घरात हे हसू शेवटचं कधी ऐकू आलं, हे त्यांना त्या वेळी आठवून बघावंसं वाटलं. कोणाचाही हशा तारीखवार सांगू शकणाऱ्या त्या माणसाला काहीही आठवलं नाही. त्यांना भीती वाटली.

"पण मग तुम्ही इतके दिवस ते ऐकत का होतात?" तिने विचारलं. "मीच आहे हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं ना?"

आता खोटं बोलायला जागा नव्हती. यादीराव चाचरत बोलले. शनिवार, चपला, गुणगुणणं, मेहुणीचा फोन, शेजारचा खांदा, सगळं यादीतल्यासारखं खालून वर सांगितलं. ती रागावेल, ताईकडे निघून जाईल, निदान हेडफोन फेकून मारेल, अशा तयारीने ते उभे होते.

ती रागावली नाही. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि समजून घ्यायला पुन्हा विचारलं.

"म्हणजे मी दर शनिवारी कुठेतरी जाते, कोणाच्या तरी शेजारी बसते आणि अशी हसून येते. हा तुमचा संशय?"

"हो."

तिने खाली वाकून चपलांचे बंद सोडले, एक एक करून पाय मोकळे केले.

"खरं असतं तर किती बरं झालं असतं हो," ती म्हणाली, आणि चपला ठेवायला आत गेली.